कसाला न उतरलेला थेंब

डॉक्टर : आप्पा, शेवटचं विचारते. कालच्या इंजेक्शनची रिकामी बाटली कुठे आहे?

आप्पा : रिकामी होती ना? मग तिची एवढी काळजी कशाला, डॉक्टरीणबाई?

लेक : आप्पा, उशी उचला.

आप्पा : उशीखाली गादी आहे. गादीखाली पलंग.

लेक : उचला म्हणते ना!

(उशीखाली बाटली, कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची पिटुकली कुपी.)

डॉक्टर : अहो, दवाखान्याच्या गादीवर ॲसिड?

आप्पा : बूच घट्ट आहे. चाळीस वर्षं खिशात बाळगतोय. आजवर फक्त तीन विजारी गेल्या.

लेक : चार.

डॉक्टर : आणि बाटली का पळवलीत?

आप्पा : सोनाराच्या दुकानात केरसुद्धा जपून ठेवतात, बाई. झाडलोटीतून कण निघतात. आणि तुम्ही सोन्याच्या औषधाची बाटली सरळ कचऱ्याच्या डब्याकडे निघालात. तिथंच पाल चुकचुकली. खरं सोनं असतं तर कुणी टाकलं असतं?

लेक : म्हणून तळाचा थेंब दगडावर घासलात.

आप्पा : घासला. रेघ उठली नाही. नुसता दगड ओला झाला. दगड पाण्यानंही ओला होतो, त्याला डॉक्टर लागत नाही.

डॉक्टर : आप्पा, एका केसाच्या जाडीत हजार कण शेजारी शेजारी बसतील इतके ते बारीक. ते रेघ कशी ओढणार?

आप्पा : आणि रंग? लाल!

डॉक्टर : सोनं तेवढं बारीक केलं की लालसरच दिसतं.

आप्पा : हेच उत्तर मी एकदा एका गिऱ्हाइकाला दिलं होतं. तेव्हा त्यात तांबं होतं.

लेक : आप्पा!

आप्पा : तरुणपणी. एकदाच. म्हणून तर ओळखीचं वाटलं.

डॉक्टर : नीट ऐका. गालातली गाठ घाईघाईत वाढते, त्यामुळे तिच्या रक्तनळ्यांना फटी राहतात. ते कण तिथून आत शिरतात आणि अडकून बसतात. आता बाहेरून लेझरचा प्रकाश सोडायचा. सोनं तापेल, गाठ आतल्या आत भाजून निघेल आणि बाकीचा गाल शाबूत राहील.

आप्पा : घाईत सांधा मारला की फटी राहणारच. एवढं पटलं. गाठीचा कारागीर नवशिका दिसतोय. आता तो उजेड दाखवा.

डॉक्टर : तो डोळ्यांना दिसत नाही.

आप्पा : सोनं दिसत नाही, उजेड दिसत नाही. गाठ तरी आहे ना?

लेक : बोराएवढी आहे. जिभेनं चाचपत असता दिवसभर.

डॉक्टर : आणि डोळ्यांना इजा नको म्हणून तुम्ही हा काळा चष्मा लावायचा. यातून काहीच दिसणार नाही.

आप्पा : झालं! बघ पोरी, मी काय म्हणत होतो? बाई, आमच्या दुकानाचा एकच नियम. गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय मुशीत सोनं टाकायचं नाही. जो सोनार म्हणेल ‘जरा डोळे मिटा’, त्याच्या दुकानातून चपला हातात घेऊन पळावं.

डॉक्टर : आज पळालात तर उपयोग नाही. उद्यापर्यंत बरेचसे कण यकृत ओढून घेईल.

आप्पा : म्हणजे घरचाच माणूस सामील आहे.

लेक : मस्करी पुरे. आज हे झालं नाही तर पुढच्या आठवड्यात अर्धा गाल कापणार आहेत. मग फुंकणी कशानं फुंकाल? कानानं?

आप्पा : फुंकणीचं मी काही बोललो का?

लेक : बोलला नाहीत. सकाळी आरशासमोर गाल फुगवून उभे होतात. मी पाहिलं.

आप्पा : हवा धरतो का बघत होतो.

लेक : धरतो?

आप्पा : अजून धरतो.

लेक : मग लावा चष्मा. तुमच्या वतीनं मी बघत बसते.

डॉक्टर : ताई, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.

आप्पा : व्वा. साक्षीदारही बाहेर.

लेक : आप्पा, एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तुमच्यापुढे डोळे मिटले नाहीत?

आप्पा : एकीनं. बांगडी वितळवायची होती. माझ्याकडे पाठ करून बसली. म्हणाली, तुम्ही करा, मला नाही बघायचं.

डॉक्टर : मग किती काढून घेतलंत?

आप्पा : काढतोय कुठला! हात असा थरथरायला लागला की चिमट्यात मूस धरवेना. चोरीला हात स्थिर लागतो, बाई. समोर गिऱ्हाईक डोळे वटारून बसलं की मी निवांत असायचो. पण ती पाठ बघितली आणि घाम फुटला. शेवटी माझंच गुंजभर सोनं त्यात टाकलं, तेव्हा कुठे हात थांबला.

लेक : कोण होती हो?

आप्पा : तुझी आई. तेव्हा नुसतं गिऱ्हाईक होती.

लेक : आईनं कधी सांगितलं नाही.

आप्पा : तिला कुठे माहीत? तिनं पाठ केली होती ना.

डॉक्टर : आप्पा, मशीन तयार आहे. हो किंवा नाही, एकदा सांगून टाका. जबरदस्ती नाही.

आप्पा : हात पुढे करा.

डॉक्टर : माझा? लेझर स्टँडवर बसवलेलं असतं. माझ्या हातात नसतं.

आप्पा : करा तर खरं. दोन्ही.

डॉक्टर : हे घ्या.

लेक : अगंबाई. डॉक्टर, तुमचे हात थरथरताहेत...

डॉक्टर : स्वतंत्रपणे करायची माझी ही पहिलीच वेळ आहे. यंत्र स्थिर असतं, काळजी नको. मीच जरा...

आप्पा : पोरी, तू बाहेर बस. दगड पिशवीत टाक. आणि बाई, तो चष्मा द्या इकडे.