माडाहून उंच खांब

पालघरच्या एसटी स्टँडवर कृष्णकांतच्या मागच्या बाकावर दातिवऱ्याचं कोळी जोडपं, पंढरी आणि सुगंधा, गावच्या गाडीची वाट बघत बसलं होतं. पंढरी दोन वर्षांनी आजच बोटीवरून परतला होता.

"अलेक्झांड्रियात काय बगितलंत?"

"पडक्या देवळाचा खांब. माडाहून उंच."

किती उंच, हे विचारायला कृष्णकांत वळणार, तोच सुगंधा म्हणाली, "मग?"

"सावलीत झोपलो."

"एवढ्या लांब जाऊन झोपलात?"

"बोटीवर झोप कुटं लागते? दमलो गं."

"मग पुडच्या मयन्यात परत कशाला जाता?"

"होडी इकली. हितं काय करू?"

"कोनी इकली?"

"तुला सांगून गेलतो ना, इकून टाक म्हनून?"

"सांगितलंत. मी नाय इकली. दरवर्सी डांबर लावते तिला."

पंढरी तिच्याकडे वळला.

"गळते काय?"

"जरा गळते."

"ऊठ मग. गाडी चुकू दे. फटी भरायला कापूस घेऊ."