आईसाठी जाडजूड पुस्तक

बाळ खांद्यावर नुकतंच झोपलं होतं, म्हणून वाचनालयाच्या रांगेत मी गुपचूप उभी होते. माझ्या पुढचे काका ग्रंथपाल बाईंशी बोलत होते.

"आईसाठी पुस्तक हवंय. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी हात टेकलेत."

"कविता देऊ?"

"नको, एका पानात संपते."

"विनोदी काही?"

"हसली की टाके दुखतात."

"मग एखादं चरित्र?"

"त्यात शेवटी माणूस जातो हो."

"रहस्यकथा न्या."

"खुनी ती दहाव्या पानावरच ओळखते. तुम्ही आपलं जाडजूड काहीतरी द्या. पुस्तक अर्धवट टाकून ती आजवर कधी उठलेली नाही."

बाईंनी स्टुलावर चढून वरचा कप्पा चाचपला.

"ही कादंबरी आहे, पण दोनच भाग आलेत. तिसरा अजून लिहून व्हायचाय."

"मग हीच द्या."