आंबराईचा पाला

(कडावच्या अलीकडची जगदीशची आंबराई. मार्चअखेरची सकाळ. जगदीश, शेतकी शिकणारी त्याची पुतणी हर्षला, आणि बांधावर उभा पदू. वरच्या वाडीतला पदू वीस वर्षं ही झाडं राखतोय.)

हर्षला: काका, बोंबलू नका. आधी माती तपासणीचा कागद पुरता वाचू तरी द्या.

जगदीश: वाच की! मी काय तुझं तोंड धरलंय? पन बघ, माती हेच बोलंल, का मला खत भेटलंच नाय. दरसाल युरियाच्या गोन्या ह्याच्या हातात दिल्या. आन झाडावर आंबे किती? बोटावर मोजायचे. मंग गोन्या गेल्या कुठं?

पदू: झाडाला गेल्या, शेट.

जगदीश: तू गप रं. तुला इचारलंय का?

हर्षला: त्यांनाच विचारायला हवं होतं. ते सोडून परवा त्यांच्या वाडीत जाऊन शंख केलात.

जगदीश: केला! चार लोकांत केला. चोराला काय कानात सांगू?

हर्षला: मग ऐका. या मातीत नत्र भरपूर आहे.

जगदीश: काय भरपूर?

हर्षला: नत्र. युरियात असतं ते. पदूदादांनी गोण्या विकल्या असत्या, तर ते इथं आलं असतं का? इथं तर नको इतकं झालंय.

जगदीश: दुसऱ्याच्या शेतातली माती नेली असशील.

हर्षला: मी खणत होते आणि तुम्ही समोर खुर्ची टाकून बसला होतात.

जगदीश: ...मंग आंबा का नाय?

हर्षला: झाडं बघा ना, कशी काळीभोर झालीत. मोहोर यायच्या वेळेला नुसती पालवी फुटली. युरियानं पानंच माजतात, काका. आंबा कमी म्हणून तुम्ही खत वाढवलंत, आणि खत वाढलं म्हणून आंबा आणखी कमी झाला.

जगदीश: च्यायला! म्हंजे चार वर्सं मीच... बरं बरं, फुडं वाच.

हर्षला: माती आंबट झालीय. पालाश, म्हणजे पोटॅश, कमी. आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाहीच.

जगदीश: आता हे कोन नवीन?

हर्षला: कुजलेला पाला, शेण, काडीकचरा यातून जे मातीला मिळतं ते. मातीचं जेवणच म्हणा. पण एवढी जुनी आंबराई, एवढा पाला गळतो, आणि खाली एक पान नाही! अंगणासारखं लख्ख.

जगदीश: लख्खच पायजे. पाल्यात साप बसतो. मी सगळा झाडून घेतो.

हर्षला: आणि झाडलेला पाला?

जगदीश: राबाला. भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पाला, शेन पसरून भाजायला लागतं ना. गावात इचार जा, माझ्यासारखं रोप हाय का कुनाचं. लोक बघाया येतात!

हर्षला: येतीलच. या साठ झाडांच्या तोंडचा घास काढून तुम्ही तिथं जाळताय. किती वर्षं चाललंय हे, पदूदादा?

पदू: लई. आधी डोंगरातनं ऐनाचा पाला आनायचो. मंग जंगलखात्यानं तोडाया बंदी केली. तवापासनं बागेतला.

हर्षला: तुम्हाला कधी वाटलं नाही, हे बरं नाही म्हणून?

पदू: वाटलं. बोललोव्हतो.

जगदीश: कवा बोललास रं?

पदू: पयल्याच सालाला. म्हनलं, शेट, निम्मा पाला झाडाखाली ऱ्हाऊ द्या. डोंगरात कोन खत टाकतंय? पानावर पान कुजतं आन झाड पोसतं. तुमी म्हनलात, तुला झाडाया ठेवलाय का शिकवाया?

हर्षला: असं म्हणालात, काका?

जगदीश: म्हनलो आसंन. कोन ध्यानात ठेवतंय.

पदू: मी ठेवलं.

जगदीश: बरं बाबा, चुकलं माझं. झालं? ह्या साली बागेतला पाला राबाला नाय. युरिया बंद. ही पोर सांगंल तसं कर. उद्यापासनं ये कामाला.

पदू: नाय येत.

जगदीश: आता काय? चुकलं म्हनलो ना!

पदू: हितं म्हनलात. हितं कोन हाय? ही बाय आन झाडं.

जगदीश: मंग काय, गावजेवन घालू?

पदू: परवा वाडीत सगळ्यांम्होरं वरडलात, पदू खत इकून खातो. आता माझी बायको सोनुबाई पान्याला गेली का बाया बोलायच्या थांबतात. काल जावय आलावता. चा बी पेला नाय, उठून गेला. तुमी कागद हितं वाचलात, त्याचा मला काय उपेग?

हर्षला: मी येते ना, पदूदादा. मी वाडीत वाचून दाखवते.

पदू: तू नको गं बाय. तू कुठं चोर म्हनलीस?

जगदीश: म्हंजे मी यायचं? वाडीत?

पदू: वाट तीच हाय. परवा चढलात तीच.

हर्षला: काका...

जगदीश: थांब गं जरा. पदू, खरं सांगू का, लाज वाटतीय मला तिथं पाय ठेवाया. कुनाच्या तोंडाकडं बघू?

पदू: माझी बायको परवापासनं बघतीया सगळ्यांच्या तोंडाकडं.

जगदीश: ...आन ह्या कागदातलं निम्मं मला वाचता बी येत नाय. ते नत्र आन काय ते कर्ब.

पदू: ते ऱ्हाऊ द्या. पदूनं खत टाकलं, एवढंच बोला.

जगदीश: सगळी कवा गावतात रं वाडीत?

पदू: न्याहारीच्या टायमाला. पन लवकर निघा, शेट. मागनं समदी कामाला जातात.