सिंहगड तोंडपाठ

अगं, आमच्या ह्यांना सिंहगड तोंडपाठ आहे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. दर रविवारी पहाटे कोथरूडहून निघायचं, पायी गड चढायचा आणि दुपारी घरी येऊन जेवायला नको म्हणायचं. मला वाटायचं, दमतात बिचारे.

यंदा मी गाईडवाल्या बससहलीची दोन तिकिटं काढली, तर हे भडकले. "मला गाईड? मीच त्याला शिकवीन!"

गडावर गाईड आम्हाला पार पलीकडे, कल्याण दरवाजाशी घेऊन गेला. हे कमानीकडे बघतच राहिले. "हा नवीन बांधलाय का हो?"

गाईड शांतपणे म्हणाला, "नाही काका. आपल्या जन्माआधीपासून आहे."

घरी गेल्यावर बघू म्हटलं.

परतताना पिठलं-भाकरीच्या झोपडीतून एक मावशी ओरडली, "काका, आज तिकडनं कसं काय? वाट चुकला का?"

ह्यांनी मान खाली घातली. मी सतरंजीवर बसले, भाकरी मोडली, पिठल्याचा पहिला घास घेतला. आणि मला कळलं, हा माणूस इतक्या वर्षांत इथून पुढे का गेला नाही.