खुंटीवरचं जाकीट

माझं माहेर पारोळ्याकडचं, सासर अमळनेरकडचं, आणि जन्म गेला तो सुरतेच्या ह्या नवागामात. लग्न झालं तशी ह्यांच्यामागे सुरतेला आले. हे संचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या लूमवर. त्या खडखडाटानं कान गेले, पण माणूस हसरा. काय सांगू तुम्हाला ताई, उपाशी राहतील पण कुणाला टोमणा मारल्याशिवाय राहायचे नाहीत.

मागच्या वर्षी ह्यांना अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, हृदय फार कमजोर झालंय, कधीही थांबेल. आत मशीन बसवायचं की नाही ते पुढे ठरवू, तोवर हे जाकीट अंगात घाला. जाकिटाला वायरी, कमरेला डबी. हृदय बंद पडलं तर तीच झटका देऊन चालू करणार. फक्त आंघोळीपुरतं काढायचं आणि मशीनला पाणी लागू द्यायचं नाही.

आता सुरतेचा उकाडा आणि पत्र्याचं घर. जन्मभर उघड्या अंगानं संचा चालवलेला माणूस तो, कातावून जायचा. गल्लीतली पोरं विचारायची, काका, चार्जिंग किती टक्के? हे म्हणायचे, तुझ्या बापापेक्षा जास्त. पण माझ्याजवळ कुरकुर करायचे, काढू दे गं घडीभर. मी नाही काढू दिलं. पाठ पुसून द्यायची, पंखा धरायची, बॅटरी बदलायची, लहान लेकराला समजवावं तसं समजवायची. आणि ऐकायचे हो, खरंच ऐकायचे.

मग भगवानआप्पा गेले. ह्यांच्या शेजारच्या संचावरचे, एका ताटात जेवलेले. आता आपल्यात मसणातून आलं की अंगावरचं सगळं पाण्यात टाकायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, मग घरात यायचं. ह्यांनी जाकीट काढलं, खुंटीला लावलं. मी म्हटलं, अहो, घालून जा. तर आमच्या अहिराणीत म्हणाले, दवाखानानी चीज शे, मसनमा कशी लई जाऊ? ऊनू का आंग धोईसन घालसू. दवाखान्याची वस्तू मसणात कशी नेऊ, आलो की आंघोळ करून घालतोच, म्हणाले. मलाही ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

हे गेले आणि ती डबी वाजायला लागली. अंगाला लागली नाही की वाजायची ती, आणि बॅटरी काढायचं राहून गेलेलं. मी तिला म्हटलं, थांब गं बाई, येतीलच.

तिकडे अग्नी दिला आणि हे तिथंच खाली बसले. लोकांना वाटलं, आप्पाचं दुःख. हलवून पाहिलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

जाकीट परत करायला मीच गेले. नर्सबाई भली, का काढलं होतं ते ऐकून माझा हात धरून म्हणाली, माँजी, कापड धुता येतं, डबी नुसती ओल्या फडक्यानं पुसायची. मी म्हटलं, हो बेटा. दुसरं काय म्हणणार?

आता पलीकडच्या गल्लीत एका तरण्या पोराला तसंच जाकीट दिलंय. त्याची आई विचारायला येते. मी सांगते, लग्नात घालून जाऊ दे, मसणात घालून जाऊ दे, कापड धुऊन टाक, डबी पुसून घे. गेलेला माणूस कुणाला बाटवत नाही गं. पोर कुरकुरलं तर माझ्याकडे पाठव. काल आला होता, शर्टाची बटणं काढून दाखवून गेला, घातलंय म्हणून. शंभर वर्षं जगो.