पाच सांगितल्या, नऊ टाकल्या

मंडळी, न्हावऱ्याची, मांडवगणची, पार केडगावाहून आलेली तुम्ही सगळी. या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. सुरेखा माझ्या लेकीच्या वयाची. आधी मी जायला हवं होतं.

काय काम करायची आपली सुरेखा? आपली रानं संगणकात पेरायची. खत किती, पाणी किती, पाऊस किती, ते भरायचं. मग ऊस किती निघेल, विहिरीत काय झिरपेल, ते आधीच बघायचं. पुढची दहा वर्षं एका दुपारी. मला ते कवितेसारखं वाटायचं.

पण मंडळी, मी तिला फसवलं. फॉर्म घेऊन आली, उसाला एकरी युरिया किती म्हणून विचारलं. मी सांगितलं, पाच गोण्या. शेतीखात्याच्या पुस्तिकेत तेच लिहिलेलं. टाकत होतो नऊ. शिकलेल्या पोरीपुढं अडाणी कशाला दिसायचं? खरं सांगा, तुमच्यातल्या किती जणांनी पाचच सांगितल्या?

तिच्या संगणकात आपल्या विहिरी निर्मळ निघाल्या. शाळेतल्या कवितांतल्यासारख्या. जन्मभर मी त्याच पाण्यावर भाळलेला माणूस. मग तिनं माझ्या विहिरीचं पाणी तपासायला नेलं. युरियातून उतरलेलं नायट्रेट इतकं, की पिऊ नका म्हणाले प्रयोगशाळेवाले. बिचारी महिनाभर स्वतःच्या गणितात खोट शोधत बसली. शेवटी माझ्या ओट्यावर येऊन टेकली.

"आबा, माझी चूक घावंना. तुमची तर न्हाई ना?"

मी मान खाली घातली. नऊ, म्हणालो.

रागावली नाही. हसली. "मग मी पास झाले की."

पुन्हा मांडलं तिनं. नऊच्या पाच करा, ठिबकमधून थोडं थोडं द्या, ऊस घटणार नाही, असं निघालं. मी म्हणालो, तुझ्या संगणकाला ऊन लागत नाही, बाई. तर म्हणाली, निम्म्या रानात करून बघा. केलं. दोन्हीकडं ऊस सारखाच भरला. पाणी अजून पिण्याजोगं नाही. पण दर तपासणीला नायट्रेट थोडं उतरतंय. विहिरीला वेळ लागतो, तीच सांगायची.

तिचं काम अर्ध्यावर आहे. सोमवारी तिचे सोबती येतील, पहिल्या घरापासून पुन्हा विचारतील. पोरीला महिनाभर रडवलं आपण. या पोरांना रडवायचं का?

आता दोन मिनिटं उभे राहू. त्या शांततेत ज्यानं त्यानं आपला खरा आकडा आठवावा.

सुरेखा, पोरी, वयानं मोठा असून तुला हात जोडतो.