घटाखालचं मशीन

...आन वरनं मलाच म्हणत्यात, बनाबाईनं हात लावला असंल. अवो, हात लावला असता तर आज ही बोलायची वेळच आली नसती, हात न लावल्याचं तर सगळं रडगाणं हाय. पण तुमाला सांगते, आमच्या पाणीसंस्थेत हात लावणारा एक वेळ सुटंल, हात लावू द्या म्हणणारी सुटत न्हाय.

थांबा, मुळापासनं सांगते, न्हायतर म्हणाल म्हातारी मधनंच सुरू झाली.

आमचं गाव डाळजच्या अंगाला. उजनीच्या फुगवट्यातनं संस्थेनं पाणी उचलायचं, पाइपानं रानात आणायचं, आन बारा दिवसांनी एकेकाची पाळी. पाइपाच्या तोंडाशी ज्यांची रानं ते मुखाचे, शेवटाला ज्यांची ते टेलचे. मी टेलची. टेल म्हणजे काय, तर पंगत उठल्यावर पातेलं खरवडायला बसायचं, ते टेल. तितं माझी दोनशे चाळीस पेरूची झाडं, सहा वर्षांची, पोटच्यावानी वाढवलेली. बोर दोनदा पाडलं, दोन्ही वेळा नुसती धूळ वर आली. म्हणजे काय ते ह्या पाळीवरच.

आधी पाळीची यादी अध्यक्षांच्या डोक्यात असायची. अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब. त्यांचं रान मुखाला, आन माणसाचं डोकं त्याच्या रानापासनं फार लांब जात न्हाय, व्हय का न्हाय? मग बारामतीच्या एका कॉलेजातल्या राजेश्वरी मॅडम आल्या, त्यांनी पंपाच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवून दिला. यादी त्यात. कुणाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते त्यात. पाळीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज, आपोआप. तुमाला सांगते, त्या यादीला कुणाचं तोंड बघता यायचं न्हाय. आप्पासाहेबांच्या नावाला जेवढी ओळ, तेवढीच बनाबाईच्या नावाला. तीन वर्षं टेलला बाराव्या दिवशी पाणी आलं. तीन वर्षं. माझ्या झाडांनी फांद्या टेकू देऊन उभ्या कराव्यात असे पेरू धरले.

पण त्या कॉम्प्युटरपाशी बसणार कोण? पंपावरचा सोनबा म्हणाला, माझी बोटं पान्याची, मला जमायचं न्हाय. बाकीचे म्हणाले, वेळ न्हाय. मग मी बसले. चौथीत शाळा सुटलेली, अडुसष्ट वय, इंग्रजी अक्षरं शिकले ती खताच्या गोण्या वाचून वाचून. कुणाला विचारलं न्हाय. विचारलं की लोक शिकवत न्हाईत, हसत्यात. वही केली, जे दिसंल ते उतरवून घेतलं, चुकलं की मॅडमना फोन, आन सहा महिन्यांनी मॅडमच म्हणायला लागल्या, "आजी, आता तुम्ही मला फोन करता तो चुकलं म्हणून नाही, मला रागवायला करता."

तर त्या मशीनमधी जी ऑपरेटिंग सिस्टीम हाय, मशीनचा जीव म्हणा, ती फुकटची. आप्पासाहेब पहिल्या दिवशीच म्हणाले, "फुकटचं हाय म्हणजे हलकंच असणार." म्हणलं, आप्पासाहेब, ऊन फुकटच पडतंय की, त्याच्यावाचून ऊस करून दाखवा. ती सिस्टीम कशी हाय सांगू का, वाकळ हाय. एका बाईनं शिवलेली न्हवं, साऱ्या मुलखातल्या बायांनी मिळून शिवलेली, कोण कुठली, कुणी कुणाचं तोंड बघितलेलं न्हाय. टाके सगळे उघडे, कुणीबी बघावेत. कुठं उसवलं की जिला दिसंल ती ओरडती, दुसरी ठिगळ शिवून धाडती, पैका मागत न्हाय. पण ह्यातच मेख हाय. टाके आपल्याला दिसत्यात तसे चोरालाबी दिसत्यात. ठिगळ आलं म्हणजे भोक कुठं हाय ते गावभर झालं. म्हणून आलं की त्याच दिवशी लावायचं, उद्या म्हणायचं न्हाय.

आन आमचे आप्पासाहेब काय म्हणायचे? मी म्हणायची, एवढ्या अठरा दुरुस्त्या आल्यात, दहा मिनिटं मशीन बंद करून परत चालू करते. हे खुर्चीत मागं रेलणार, पोटावर हात ठेवणार, आन म्हणणार, "बनाबाई, चालतंय न्हवं?" म्हणलं, चालतंय. "मग कशाला हात लावायचा?"

चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा. हेच वाक्य पंपाच्या बेअरिंगला, तेच पाइपाच्या गळतीला, तेच ऑफिसच्या पत्र्याला. पत्रा उडून गेला तवा म्हणाले, काल तर चालत व्हता. आन एक दिवस काय वाटलं कुणास ठाऊक, मॅडमना लांबनं मशीन बघायची सोय होती तीबी बंद करायला लावली, "बाहेरच्या बाईच्या हातात किल्ली नको." किल्लीवालीला दार बंद केलं, भोक तेवढं उघडं ठेवलं. तरी मी करायची. ते जेवायला गेले की करायची, आन आले की आपली वही उघडून बसायची.

मग आलं गेल्या वर्षीचं नवरात्र.

आमच्यात हत्याराची पूजा खंडेनवमीला. पण घट संस्थेच्या ऑफिसातबी बसवायचे, ही आप्पासाहेबांची हौस. दरवर्षी पंपाच्या खोलीत बसायचे. गेल्या वर्षी आप्पासाहेबांना सुचलं, "आता संस्थेचं मुख्य हत्यार कोणतं? कॉम्प्युटर. मग घट तितंच." झालं. मशीनच्या डब्यावर लाल कापड, त्यावर पत्रावळ, पत्रावळीत आप्पासाहेबांच्या रानातली काळीभोर माती, त्यात धान्य, वर घट. शेजारी अखंड दिवा. आन त्या मातीवर रोज सकाळी तांब्याभर पाणी. मी म्हणलं, अवो, खाली वीज हाय. तर खाली प्लास्टिकचा कागद घातला. तेवढं ऐकलं, उपकार झाले.

तिसऱ्या माळेला मला मेल आली. मी त्या दुरुस्तीवाल्यांच्या यादीत नाव घातलेलं हाय, कुठं काय उसवलं ते मला कळतंय. वाचली. शब्द अडला की डिक्शनरी, दोन तास गेले. भोक मोठं होतं. लांबचा माणूस, पासवर्डबिसवर्ड काही न लागता, सरळ आत. खाली लिहिलेलं, ठिगळ तयार हाय, लावा आन मशीन बंद करून परत चालू करा, थांबू नका. कुण्या परक्या मुलखातल्या माणसानं दोन दिवसांत ते शिवलेलं. त्याला बिचाऱ्याला डाळज कुठं, टेल कुठं, माझी झाडं कुठं, कशाचा पत्ता न्हाय. त्याचं ठिगळ अर्धी पृथ्वी ओलांडून आमच्या ऑफिसात येऊन उभं राहिलं, आन शेवटचे दोन हात उरले तितं घट आडवा बसलेला.

गेले आप्पासाहेबांकडं. म्हणलं, दहा मिनिटं. म्हणाले, "घट बसलेत. नऊ दिवस हलवायचं न्हाय, बंद करायचं न्हाय." म्हणलं, घट हलवत न्हाय, देव उठवत न्हाय, खालच्या मशीनचा नुसता डोळा मिटून उघडायचा. म्हणाले, "देव बसल्यावर डोळा मिटत न्हाईत." म्हणलं, मग दुसऱ्या कुणाच्या हातनं करा, सोनबाच्या हातनं करा, मी दारात उभी राहून सांगते. तर सोनबा म्हणाला, "मावशे, मला घटाच्या भानगडीत नको पाडू, माझी बायको बाळंतपणाला टेकलीया." आन आप्पासाहेब मऊ आवाजात म्हणाले, आवाज मऊ झाला की मी ओळखते, "बनाबाई, राग मानू नका, पण तुमी तर बिलकूलच हात लावू नका. तुमच्यासारखीनं घटापाशी..."

वाक्य पुरं केलं न्हाय. असली वाक्यं कुणी पुरी करत न्हाय, ती ऐकणारीनं पुरी करायची असत्यात. मालक जाऊन एकवीस वर्षं झाली माझे. एकवीस वर्षं हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं न्हाय, आन त्याचं मला काही वाटत न्हाय असं मी गावभर सांगत आले. मग म्हणाले, "आन तसंबी, चालतंय न्हवं?"

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, एक बटण आहे हो. फक्त एक बटण. कुणाला न विचारता दाबा."

पाचव्या माळेला दुपारी मी एकटी होते. सोनबा पंपावर, आप्पासाहेब इंदापूरला. समोर मशीन. घटाखाली धान्याला हिरवे कोंब आलेले, बोटभर. बटण घटापासनं चार बोटं लांब, घटाला शिवायचीसुद्धा गरज न्हाय. हात नेला. तुमाला सांगते, मी कुणाच्या बापाला भ्यायलेली न्हाय, तलाठ्याला ऑफिसात कोंडून सही घेतलेली बाई हाय मी. हात बटणापर्यंत नेला, आन मागं घेतला. का? कोंब बघून. उद्या कोंब पिवळे पडले तर कुणी काय म्हणंल, म्हणून न्हाय. माझ्याच मनात आलं, खरंच पडले तर?

मशीनच्या भोकाला ठिगळ आलं होतं. ह्या भोकाला ठिगळ कुठल्या मुलखातनं यायचं?

बसले परत वही उघडून. म्हणलं, दसऱ्याला घट उठले की पहिलं काम हेच. रोज एक माळ चढत होती, आन पडद्यावर दुरुस्त्यांचा आकडा वाढत होता.

आठव्या माळेला सकाळी सोनबा पळत घरी आला. "मावशे, कॉम्प्युटर कायतरी इंग्रजीत बोलतोय." गेले. पडद्यावर काळं, त्यावर लाल अक्षरं. आतल्या फायली एकूण एक कुलपात. यादी कुलपात, मेसेज कुलपात, तीन वर्षांच्या पाळ्या कुलपात. किल्ली पाहिजे तर पैसे धाडा म्हणत होता, आन पैसे धाडून किल्ली येईल ह्याची हमी चोर देतोय होय? माझी एक चूक झाली ती सांगते, झाकत न्हाय. यादीची नक्कल मी पेन ड्राइव्हवर ठेवलेली होती, आन तो पेन ड्राइव्ह मशीनच्या पाठीमागं खोचलेलाच होता. घट बसायच्या आधी काढायचा राहिला, नंतर माळांच्या मागं हात घालायची सोय न्हाय. तोबी कुलपात. वर घट हिरवागार. एक कोंब पिवळा न्हाय.

गाव गोळा झालं. आप्पासाहेबांनी एकवार मशीनकडं बघितलं, एकवार माझ्याकडं, आन म्हणाले, "बनाबाई, खरं सांगा. हात लावला न्हवं?"

म्हणलं, न्हाय.

"मग देवीचा कोप कशानं झाला?"

आता ह्याला काय सांगायचं? ज्यानं बंद करू दिलं न्हाय तो अध्यक्ष, आन जिनं बंद केलं न्हाय तिनं कोप आणला. मॅडमचा फोन आला, "आजी, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?" म्हणलं, सांगितलं होतं. फोन ठेवला आन वही काढली.

मी म्हणलं, यादी माझ्या वहीत हाय. एकूण एक नाव, एकूण एक पाळी, तीन वर्षांची. वही ठेवली कमिटीपुढं. कमिटीनं उलटीपालटी केली, एकानं वास घेतला. म्हणाले, "ह्याला शिक्का न्हाय. आन तुमी टेलच्या, तुमच्या हातनं लिहिलेली यादी, कोण खरी मानंल?" मुखाच्या माणसाच्या डोक्यातली यादी खरी, टेलच्या बाईच्या हातची खोटी. तर यादी परत गेली आप्पासाहेबांच्या डोक्यात.

बाराव्या दिवसाची पाळी सतराव्या दिवशी यायला लागली. मग विसाव्या. उन्हाळ्यात सव्वीस दिवस पाइपातनं नुसती हवा, सापावानी फुसफुस. मी घागरीनं पाणी घातलं, पहिल्या ओळीला, मग निम्म्या ओळीला, मग घराजवळ जी झाडं होती तेवढ्यांच्याच बुंध्याशी. दोनशे चाळीसातली एकतीस राहिली. बाकीची उभीच वाळली, पेरू न गळता, फांदीवरच काळे. तोडायला माणूस लावला तर तो म्हणाला, मावशे, जळणाला मी घेतो, मजुरी नको.

गेले होते आप्पासाहेबांकडं, न्हाय असं न्हाय. म्हणलं, यादी चुकलीया, दुरुस्त करा. खुर्चीत मागं रेलले. पोटावर हात ठेवला. तुमीच म्हणा आता काय म्हणाले असतील.

"पाणी चालतंय न्हवं?"

बरं. आता नवा कॉम्प्युटर आलाय. मी लांबनंच बघितला, खिडकीतनं. पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्त्या तुंबल्याचा लाल ठिपका हायच. आन यादी त्यात चढवलीया ती डोक्यातली, तीच, आता शिक्क्यासकट.

आन परवा आप्पासाहेब स्वतः घरी आले. चपला बाहेर काढल्या, तवाच मी ओळखलं, आवाज मऊ होणार. म्हणाले, "बनाबाई, नवरात्र आलं. घट यंदाबी नव्या मशीनवरच. माती पायजे व्हती. आमची सगळ्यांची रानं ओली, नुसता चिखल, चाळणीतनं पडत न्हाय. तुमची माती कशी, कोरडी, भुसभुशीत, एकदम घटासारखी."

म्हणलं, आप्पासाहेब, माझा हात चालत न्हाय, माती चालती?

म्हणाले, "मातीला काय झालंय?"

खरंच हाय. मातीला काय व्हायचं राहिलंय. दिली पाटीभर, स्वतः चाळून दिली, त्यातनं वाळक्या मुळ्या वेचून काढल्या. नऊ दिवस आता तिला रोज सकाळी तांब्याभर पाणी पडंल, न चुकता, मुखाच्या माणसांच्या हातनं. चला, म्हणलं, माझ्या रानातल्या एका पाटीला तरी पाळी लागली.